उपकार कोणाच्या खिशातून फेडायचा?

मनिलाच्या नोकरीत माझ्यापुढे नीतीचे जे पेच आले, त्यांतले बहुतेक माणसांच्या चांगुलपणातून आले होते. लबाडी करणाऱ्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं. त्यासाठी नियम असतात, चौकशी असते. पण ज्याने आपल्याला शिकवलं, पडत्या काळात हात दिला, त्याच्यासाठी नियम थोडा वाकवायला निघालेला माणूस समोर बसलेला असतो आणि आपण काही गैर करतोय असं त्याच्या मनातही नसतं, तेव्हा त्याला काय सांगायचं? ऑर्टिगास भागातल्या एका सेवा केंद्रात मी आधी खरेदी विभाग सांभाळला, पुढे नव्या लोकांना आचारसंहिता शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही कामांत हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला.

प्रशिक्षणाचं साहित्य मुख्यालयातून तयार होऊन येई. त्यात ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार असे, कांटचं कर्तव्य असे, मिलचं 'जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त हित' असे आणि शेवटी कंपनीची नियमावली. समोरची मुलं-मुली मन लावून ऐकत, उत्तरंही बरोबर देत. त्यांना ही नावं नवी नव्हती. मनिलातलं सांतो तोमास विद्यापीठ १६११ साली स्थापन झालं, आणि त्याला नाव आहे ते सेंट थॉमस अक्वायनसचंच. तिथल्या कित्येक महाविद्यालयांत नीतिशास्त्र हा नेहमीचा विषय आहे. पण वर्गाबाहेर, जेवणाच्या टेबलावर, ही मंडळी योग्य-अयोग्याबद्दल बोलायला लागली की कांट आणि मिल मागे पडत आणि वेगळेच शब्द पुढे येत. 'उतांग ना लोओब' म्हणजे मनावर असलेलं उपकाराचं ऋण. 'हिया' म्हणजे लाज, भीड, चारचौघांत मान राखण्याची जाणीव. 'पाकिकिसामा' म्हणजे चारजणांशी जुळवून घेणं, गटाला धरून राहणं. हे शब्द समजून घेतल्याशिवाय माझं शिकवणं वरवरचंच राहील, हे माझ्या लवकर लक्षात आलं.

तिथल्या अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. फ्रँक लिंच या जेझुइट मानववंशशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात अशी मांडणी केली की, फिलिपिनो माणूस परस्परसंबंध सुरळीत राहण्याला फार मोल देतो. पुढे फिलिपिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विर्जिलिओ एन्रिकेझ यांनी त्याला हरकत घेतली. भीड आणि जुळवून घेणं हे सगळं वरचं आहे, त्याच्या मुळाशी 'काप्वा' आहे, असं त्यांचं म्हणणं: समोरच्या माणसात आणि आपल्यात एक सामाईक माणूसपण आहे ही जाणीव. मात्र याच समाजात 'आपल्यातला' आणि 'परका' असा भेदही केला जातो आणि वागणूक त्याप्रमाणे बदलते, हेही एन्रिकेझ यांनी दाखवून दिलं. त्यांची ही दोन्ही निरीक्षणं मला कामात रोज दिसायची.

काप्वा म्हणजे काय, हे मला जीपनीत बसल्यावर समजलं. एसटीतल्या आणि पीएमटीतल्या कंडक्टरची सवय असलेल्या माणसाला ही गाडी चकित करते. समोरासमोर दोन लांब बाकं, चढायचं मागच्या बाजूने, आणि पैसे घ्यायला कोणी नाही. चालक गाडी हाकता हाकताच पैसे घेतो. सगळ्यात मागे बसलेली बाई 'बायाद पो', म्हणजे 'हे घ्या भाडं', म्हणत नोट शेजारच्याच्या हातात ठेवते. तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. पाच-सहा अनोळखी हातांतून नोट चालकापर्यंत जाते आणि उरलेली चिल्लर त्याच हातांतून परत येते. कोणी मोजून बघत नाही, कोणी एखादं नाणं मध्येच ठेवून घेत नाही. झोपेला आलेला कॉलेजचा मुलगासुद्धा डोळे न उघडता हात पुढे करून पैसे पुढे सरकवतो. प्रामाणिकपणा या समाजाला बाहेरून शिकवावा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी गर्दीच्या वेळी जीपनीतून एक फेरी मारावी. मग कचेरीत पेच पडतात ते कशामुळे? याचं उत्तर मला एका निविदेने दिलं.

आमच्या केंद्रात काम रात्रीचं. पहाटे घरी जाणाऱ्या मुला-मुलींसाठी व्हॅनचं कंत्राट द्यायचं होतं. हे काम माझ्या सहायक मुलीकडे होतं. ती बातांगासची, वडील लवकर गेलेले. तिच्या निनोंगने, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याने, तिच्या अकाउंटन्सीच्या शिक्षणाचा खर्च केला होता. फिलिपिन्समध्ये निनोंगचं नातं नावापुरतं नसतं. बाप्तिस्मा, लग्न अशा प्रसंगी धर्मपिता-धर्ममाता केले जातात, दोन घरं जोडली जातात आणि ती जोड आयुष्यभर निभावली जाते. तर या निनोंगचा व्हॅनचा व्यवसाय होता आणि आलेल्या दरपत्रकांत एक त्यांचं होतं. नियमाप्रमाणे नातं जाहीर करायचं असतं. तिने ते स्वतःहून केलं. माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅम, मी त्यांना नाही म्हणू शकत नाही. ते नसते तर मी या खुर्चीत नसते."

नियमावलीचं उत्तर सरळ होतं: नातं आहे, बाजूला हो. ती व्हायला तयार होती. पण बाजूला होणं तिला कृतघ्नपणा वाटत होता आणि तिची ही वेदना खरी होती. आम्ही दोघींनी तो प्रश्न सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिला. खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या उपकारकर्त्यालाच काम दिलं, तर निविदा मागवण्याला अर्थ उरत नाही; कांटच्या कसोटीवर हे टिकत नव्हतं. मिलच्या हिशेबाने पाहिलं, तर तराजूच्या एका पारड्यात एक निनोंग आणि दुसऱ्यात पहाटे तीन वाजता घरी निघालेल्या, पेंगुळलेल्या कितीतरी मुली. आणि निनोंगच्या दोन व्हॅन जुन्या होत्या. तिला हे सगळं पटत होतं. तरी ती म्हणाली, "पण फिएस्टाला, गावच्या जत्रेला, घरी गेल्यावर मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?"

मला वाटतं, उत्तराची वाट ॲरिस्टॉटलने दाखवली. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या चौथ्या भागात उदारपणाबद्दल लिहिताना, किती दिलं आणि कोणाला दिलं याच्याबरोबरच, देण्यासाठी पैसा कुठून आणला यालाही तो महत्त्व देतो. अयोग्य जागेहून घेऊन दिलेलं दान त्याच्या लेखी औदार्यात बसत नाही. अक्वायनसने कृतज्ञतेला स्वतंत्र सद्गुण मानलं आणि तिचं ऋण कायद्याच्या देण्याहून वेगळं ठरवलं. ते मनापासून फेडायचं असतं. दोन्ही एकत्र ठेवल्यावर प्रश्न सुटा झाला. तुझ्यावर ऋण आहे, ते फेडायलाच हवं, पण ते कोणाच्या खिशातून? कंत्राटाचा पैसा कंपनीचा, जुन्या व्हॅनचा धोका त्या मुलींचा. त्यांनी तुझ्या निनोंगकडून काहीही घेतलेलं नाही. तुझं ऋण त्यांनी का फेडावं?

हे ऐकल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की हे त्यांना ती स्वतः, समोर बसून सांगेल, पत्राने नाही. कारण पत्र पाठवणं हाच त्यांचा अपमान झाला असता. ते आले त्या दिवशी तिने मलाही बोलावून घेतलं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो. ते येताच तिने त्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला. पान्सित नावाच्या नूडल्स आणि कॉफी आली. बोलणं सुरू होण्याआधी ती एकदा उठून काउंटरवर गेली आणि परत आली. मग टागालोगमध्ये, हळू आवाजात, आदराचा 'पो' लावून, तिने सगळं सांगितलं: तुमची फाईल मी बघणार नाही, दुसरे बघतील, मी त्यांना एक शब्दही सांगणार नाही, तुमच्यासाठी जे करायचं ते मी माझ्या पगारातून करीन. त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता. निघताना सवयीने पाकीट काढलं, तर वेट्रेस म्हणाली, बिल मघाशीच दिलंय. त्यांनी आपल्या धर्मकन्येकडे पाहिलं, पाकीट खिशात ठेवलं आणि एवढंच विचारलं, "फिएस्टाला येणार आहेस ना?"

कंत्राट त्यांना मिळालं नाही. विम्याच्या आणि गाड्यांच्या वयाच्या अटींत ते बसले नाहीत. काही महिने त्यांचे फोन येणं बंद झालं आणि तिला ते लागलं. डिसेंबरमध्ये तिने आपल्या तेराव्या महिन्याच्या पगारातून त्यांच्या मुलीच्या नर्सिंग परीक्षेच्या शिकवणीची फी भरली. फिलिपिन्समध्ये हा तेरावा पगार १९७५च्या अध्यादेश क्रमांक ८५१ने सक्तीचा केला आणि तो २४ डिसेंबरपर्यंत हातात पडावा लागतो. कितीतरी घरांतली वर्षभराची देणी, वचनं, भेटी त्यातूनच भागतात. ती फी भरल्याचं सांगताना तिचा चेहरा मोकळा होता. ऋण फिटलं असं ती म्हणाली नाही. असं ऋण पुरतं फिटत नसतंच. पण ते आता तिचं होतं, तिच्या कमाईतून चाललेलं.

त्यानंतर मी प्रशिक्षणात 'कोणाच्या खिशातून?' हाच प्रश्न मध्यभागी ठेवला. भेटवस्तूंचा विषय त्यातून सोपा झाला. सप्टेंबर उजाडला की तिथे नाताळची गाणी लागतात आणि डिसेंबरात पुरवठादारांकडून हॅम, लाल गोळ्यासारखं केसो दे बोला चीज, वाइन असं भरलेल्या टोपल्या येऊ लागतात. सरकारी नोकरांसाठी कायदा कडक आहे. १९७२च्या अध्यादेशाने नाताळची भेटसुद्धा त्यात आणली. खाजगी कंपनीत मात्र टोपली परत पाठवली की देणाऱ्याला तोंडावर दार लावल्यासारखं होतं. म्हणून आम्ही टोपल्या घेत होतो, आभाराचं पत्र संपूर्ण केंद्राच्या नावाने जाई आणि सगळ्या वस्तू सोडतीत ठेवल्या जात. देणाऱ्याचा मान राही आणि ऋण कुणा एकाच्या मनावर बसत नसे.

त्या सोडतीवरूनच एक अवघड गोष्ट वर आली. पहिल्या यादीत सफाई कामगार आणि पहारेकरी नव्हते. ते एजन्सीचे होते. तिथे 'एंडो' नावाचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. श्रमसंहितेप्रमाणे सहा महिन्यांची उमेदवारी पूर्ण झाली की कामगार कायम होतो. म्हणून पाचव्या महिन्यालाच करार संपवायचा आणि नवा माणूस घ्यायचा. केवळ माणसं पुरवण्यापुरत्या कंत्राटाला मनाई करणारा श्रम खात्याचा आदेश २०१७मध्ये निघाला. कामगारांच्या सुरक्षिततेचं त्याहून कडक विधेयक संसदेने मंजूर केलं, त्यावर २०१९मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी नकाराधिकार वापरला. आमच्या मजल्यावर सगळे एकमेकांना आते, कुया म्हणजे ताई, दादा म्हणत, वाढदिवसाला घरून डबे आणत, कोणी आजारी पडलं की वर्गणी काढत. तिथेच फरशी पुसणारी बाई दर पाच महिन्यांनी बदलायची आणि तिचं नाव लक्षात राहायच्या आत दुसरी आलेली असायची. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं वाक्य मला त्या फरशीवर जितकं टोचलं तितकं कुठल्याच पुस्तकात टोचलं नव्हतं. आपुलकीची एवढी ऊब असलेल्या मजल्यावरच्या स्वस्त सफाईची किंमत कोण मोजत होतं, हे स्वच्छ दिसत होतं. सोडतीच्या यादीत त्यांची नावं घालणं सोपं होतं, ते लगेच झालं. सफाईचं कंत्राट देताना, एजन्सीने माणसं कायम ठेवली आहेत का, याला गुण द्यायला लावण्यासाठी मला मुख्यालयाशी बराच झगडा करावा लागला. दर वाढला. तो वाढायलाच हवा होता.

पाकिकिसामाचा पेच याहून बारीक होता. आमच्याकडे परदेशी आरोग्यविम्याचे दावे तपासले जात. मुख्यालयातल्या एका वरिष्ठांनी व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांच्या देखत, एका टीम लीडला चुकांबद्दल फैलावर घेतलं. त्यानंतर त्या टीमच्या साप्ताहिक अहवालातल्या चुका हळूहळू कमी होत शून्यावर आल्या. काम सुधारलं नव्हतं. सगळे मिळून एकमेकांना झाकत होते. आपल्या माणसाची पुन्हा तशी शोभा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता, पण दाव्यावर चुकीचा कोड पडला की दूर कुठल्या तरी गावातल्या आजारी माणसाच्या घरी हॉस्पिटलचं बिल जाऊन पडतं. गटाच्या एकीची किंमत तो माणूस भरत होता आणि त्याला गटाचं नावही माहीत नव्हतं.

तिथल्या रीतीप्रमाणे आधी एका मध्यस्थाकरवी बोलणं झालं. टीमचा ज्याच्यावर विश्वास होता अशा ज्येष्ठ सहकाऱ्याने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. चूक दाखवायची ती एकट्याला, हे पक्कं ठरलं. आणि आठवड्याच्या बैठकीत, नाव-गाव काढून टाकून, एका दाव्यामागची हकिगत सांगायला सुरुवात केली: डायलिसिसवर असलेला निवृत्त बसचालक, बाळ काचेच्या पेटीत असलेली आई. काही आठवड्यांत अहवालात चुका पुन्हा दिसू लागल्या आणि मला बरं वाटलं. ज्यांच्या हातातून अनोळखी माणसाची चिल्लर सुखरूप पुढे जाते, त्या लोकांना प्रामाणिकपणा शिकवायचा नव्हताच. फक्त नोट कोणाची आहे ते डोळ्यांसमोर आणायचं होतं.

माझ्या भारतीय असण्याशी थेट भिडलेला प्रश्न कर्जाचा होता. तिथे भारतीयाला 'बुंबाय' म्हणतात आणि बुंबाय म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर मोटरसायकलवरून वसुलीला येणारा सावकार उभा राहतो. या व्यवहाराचं नाव 'फाइव्ह-सिक्स': पाच घ्या, सहा परत करा. तो करणारे बरेचजण पंजाबातून गेलेले. बँक ज्यांना दारातही उभं करत नाही, अशा भाजीवाल्या बाईला हा माणूस तारण न मागता, कागद न मागता, तिच्या ठेल्यापाशी येऊन पैसे देतो. म्हणून ती त्याला सोडत नाही. आणि रोजच्या हप्त्यात तिची कमाई झिजत राहते. २०१७मध्ये सरकारने या सावकारीविरुद्ध मोहीम काढली आणि स्वस्त कर्जाची पर्यायी योजना आणली. आमच्या इमारतीतला एक पहारेकरी अशा कर्जात होता. त्याच्या दृष्टीने तो सावकार वाईट नव्हता, अडीनडीला धावून आलेला होता. इथेही उपकार खरा होता, पण त्याचा हप्ता पहारेकऱ्याच्या मुलांच्या दुधातून जात होता. मजल्यावरच्या बायका आपल्याकडच्या भिशीसारखी 'पालुवागान' चालवायच्या. त्यात एजन्सीच्या लोकांना घ्यावं, हे त्यांनी आपणहून ठरवलं. पहारेकऱ्याचा नंबर त्यांनी पहिला लावला.

मनिलात भारतीयाची ओळख सावकारीपुरतीच नाही. तिथे रोहास बुलेव्हारवर मॅगसेसे सेंटर आहे. राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे १९५७मध्ये विमान अपघातात गेले, त्यांच्या नावाचा पुरस्कार पुढच्या वर्षीपासून दिला जाऊ लागला आणि त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत आपले विनोबा होते. पुढे बाबा आमटे आले, २०११मध्ये जळगाव जिल्ह्यात बचतगटांचं काम उभारणाऱ्या नीलिमा मिश्रा आल्या. मनिलाने आपल्या या माणसांची किंमत ओळखली, ती मला वाटतं जवळच्या ओळखीतून. दुसऱ्याची गरज आपली मानणं दोन्हीकडे मोठं समजलं जातं. विनोबा आणि त्यांचे गुरू गांधीजी ज्या विश्वस्तवृत्तीबद्दल बोलत, तिचा अर्थ खरेदीच्या टेबलावर मला फार सरळ दिसला. माझ्या सहीने जाणारा पैसा माझा नाही. तो मी सांभाळते आहे. त्यातून मी माझी कृतज्ञता, माझी मैत्री, माझी भीड यांपैकी काहीही फेडू शकत नाही.

आता पुण्यात काम करताना हीच गोष्ट मी तरुण सहकाऱ्यांना सांगते, कारण गुरुजींचा मुलगा, गावाकडचा माणूस, वडिलांच्या मित्राची चिठ्ठी हे आपल्याकडेही रोज टेबलावर येतं आणि येणारे बहुतेकदा भले लोक असतात. त्यांना वाईट ठरवून नीती शिकवता येत नाही. उपकार विसरायला सांगणारी नीती माणसाला कोरडं करते आणि तिच्यापाठीमागे कोणी जातही नाही. फिलिपिनो सहकाऱ्यांनी मला कृतज्ञ राहायला जास्त चांगलं शिकवलं: हात कपाळाला लावावा, फिएस्टाला जावं, फी भरावी, आजारपणात रात्र काढावी, आणि हे सगळं आपल्या वेळातून, आपल्या पगारातून करावं. ज्या दिवशी ते दुसऱ्याच्या वाट्यातून करायची वेळ येते, त्या दिवशी समोर बसलेल्या उपकारकर्त्याला प्रेमाने, मान राखून नाही म्हणावं. त्या नकारासाठी लागणारं धैर्य मी एका पंचविशीच्या मुलीत पाहिलं आहे. ते शिकवता येतं, आणि शिकवायला हवं.